कुलूप लागलेले दुसरे कपाट : मंडळीच्या वाचनालयासाठी कादंबऱ्या निवडताना

पार्श्वभूमी

ज्या ख्रिस्ती मंडळीचे (म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायाचे) हे प्रकरण आहे, तिचे वाचनालय म्हणजे उपासनागृहाला लागून असलेली एक लहान खोली आणि तिच्यातली दोन कपाटे. पहिल्या कपाटात पवित्र शास्त्रावरील टीकाग्रंथ, प्रवचनसंग्रह, गीतसंग्रह आणि मिशनरींची चरित्रे होती; त्यांना फारसा कुणाचा हात लागत नसे. दुसऱ्या कपाटात कादंबऱ्या आणि कथासंग्रह होते, आणि देवघेवीच्या वहीतल्या बहुतेक नोंदी याच कपाटातल्या असत. ही पुस्तके कोणी निवडून आणलेली नव्हती. घर बदलताना, घरातले कोणी वारल्यावर किंवा केवळ अडगळ कमी करायची म्हणून सभासदांनी आणून दिलेली पुस्तके वाचनालय सांभाळणाऱ्या बाई पुसून, क्रमांक घालून कपाटात लावत. मुखपृष्ठावर क्रूस, दिवा किंवा प्रार्थनेत जोडलेले हात दिसले की पुस्तक आपलेच, असा साधा हिशेब होता.

वाचनालयाच्या समितीत पाच जण होते : पदसिद्ध अध्यक्ष म्हणून पाळक (मंडळीचे धर्मगुरू), आयुष्यभर भाषा शिकवून निवृत्त झालेले एक सर, शब्बाथ शाळेच्या (मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांच्या) शिक्षिका, तरुण संघाची प्रतिनिधी असलेली महाविद्यालयीन मुलगी आणि वाचनालय सांभाळणाऱ्या बाई. मी कार्यवाह या नात्याने बैठकांची टिपणे ठेवीत असे; मला मत नव्हते. पुढचा वृत्तांत त्या टिपणांवर आधारलेला आहे. माणसे ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत, आणि वाद ज्या कादंबऱ्यांवरून झाला त्यांची नावेही मुद्दाम दिलेली नाहीत, कारण प्रश्न त्या दोन-तीन पुस्तकांपुरता नव्हता.

समस्या

एका रविवारी उपासना संपल्यावर चौदा वर्षांच्या मुलीची आई वाचनालयाच्या खोलीत आली आणि तिने टेबलावर एक पुस्तक उघडेच पालथे ठेवले. “हे तुमच्या कपाटातलं आहे. पान काढून ठेवलंय, पाळकसाहेबांना वाचायला द्या,” एवढेच ती बोलली. पाळकांनी उभ्याउभ्या दीड पान वाचले आणि पुस्तक मिटले. मुखपृष्ठावर चर्चचा मनोरा होता. कादंबरीची नायिका शेवटच्या प्रकरणात पश्चात्ताप करून प्रभूकडे वळते हे खरे होते. पण तिथवर पोहोचेपर्यंत शय्यागृहातले प्रसंग लेखकाने इतक्या चवीने रंगवले होते की तो पश्चात्ताप म्हणजे आधीच्या दोनशे पानांसाठी काढलेला परवाना वाटावा.

त्याच संध्याकाळी दुसऱ्या कपाटाला कुलूप लागले. कुलूप तात्पुरते आहे असे बाईंना सांगण्यात आले होते, परंतु ते चार महिने राहिले. कपाट का बंद केले हे मंडळीत कोणी जाहीर केले नाही. विषय नाजूक होता आणि तो व्यासपीठावरून काढणे पाळकांना प्रशस्त वाटले नाही. या मौनाची किंमत पुढे मोजावी लागली, त्याविषयी शेवटी लिहिले आहे. तेवढ्या काळात देवघेवीची वही जवळजवळ कोरी राहिली. ज्या मुलामुलींना कथा हव्या होत्या त्यांनी त्या मोबाइलवर शोधल्या, आणि तिथे त्यांना काय मिळते आहे हे पाहायला कोणीच नव्हते. तरुण संघाच्या प्रतिनिधीने पहिल्या बैठकीत हे स्पष्टच मांडले : “कपाट बंद केल्यानं वाचणं बंद झालेलं नाही, पाळकसाहेब. फक्त आपल्याला दिसायचं बंद झालंय.”

तक्रार एका पुस्तकाची होती. समितीपुढे उभा राहिलेला प्रश्न मात्र आजवर कोणी विचारलाच नव्हता : ख्रिस्ती वाचकाच्या विरंगुळ्यासाठी अमुक कथा योग्य आणि अमुक अयोग्य, हे कशावरून ठरवायचे?

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय शब्बाथ शाळेच्या शिक्षिकेने मांडला आणि तो सर्वांत सोपा होता : कथा-कादंबऱ्या ठेवूच नयेत. चरित्रे आहेत, साक्षी आहेत, त्या खऱ्या घडलेल्या आहेत. मग रचलेल्या गोष्टींत वेळ का घालवावा? फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातले आठवे वचन त्यांनी पुढे ठेवले, जिथे प्रेषित पौल सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध अशा गोष्टींचे मनन करायला सांगतो. त्या यादीतला पहिलाच शब्द ‘सत्य’ आहे, यावर त्यांचा भर होता.

हा आक्षेप नवा नाही आणि हलकाही नाही. बायबलचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमने ३८४ साली युस्तोखियम या आपल्या शिष्येला लिहिलेल्या पत्रात आपले एक स्वप्न सांगितले आहे : न्यायासनासमोर तो स्वतःला ख्रिस्ती म्हणवतो, आणि त्याला उत्तर मिळते की तू ख्रिस्ताचा नाहीस, सिसरोचा, म्हणजे त्या रोमन लेखकाचा, आहेस. त्याच काळातला धर्मचिंतक संत ऑगस्टीन, त्यानेही आपल्या आत्मनिवेदनात कबूल केले आहे की लहानपणी व्हर्जिलच्या महाकाव्यातल्या दिदो राणीच्या मरणावर तो रडला, पण देवापासून दूर गेलेल्या स्वतःच्या जिवासाठी त्याच्या डोळ्यांतून टिपूस आला नाही. कथा माणसाचे अश्रू भलत्याच ठिकाणी खर्च करू शकते, ही भीती त्या दोघांना वाटली असेल तर ती आपल्याला वाटण्यात काही गैर नाही.

सरांनी या भीतीची टिंगल केली नाही, याचा मला विशेष उल्लेख करावासा वाटतो, कारण तसे करणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी फक्त नाथान संदेष्ट्याची आठवण करून दिली. दावीद राजाने उरीयाची बायको बथशेबा आपलीशी केली आणि उरीयाला मारवले, त्यानंतर राजासमोर जाऊन नाथानाने नियमशास्त्र वाचून दाखवले नाही. त्याने एका श्रीमंताने हिरावून घेतलेल्या, गरीब माणसाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली. ती मेंढी कुठेच नव्हती. पण दावीद त्या नसलेल्या मेंढीसाठी संतापला, आणि संतापाच्या भरात स्वतःचाच न्याय करून बसला. “ती गोष्ट घडली नव्हती, पण खोटी होती का?” असे सरांनी विचारले. प्रभू येशूचे दाखले त्यांनी जास्त ताणले नाहीत. वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणारा, दाखल्यातला चांगला शोमरोनी नेमका कोणत्या गावचा होता हे आपण कधी विचारत नाही, इतकेच म्हणाले. मग सवयीप्रमाणे ते वाङ्मयाच्या इतिहासात शिरले. इंग्रज धर्मोपदेशक जॉन बन्यनने यात्रेकरूची रूपककथा (‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’) १६७८ साली प्रसिद्ध केली तेव्हा तिच्या पद्य प्रस्तावनेत त्याने स्वतःच नोंदवून ठेवले आहे की हस्तलिखित वाचून काही जण छाप म्हणाले आणि काही जण छापू नकोस म्हणाले. आणि मराठीतली आद्य कादंबरी म्हणून जिचा मान सांगितला जातो ते १८५७ सालचे ‘यमुनापर्यटन’ तर बाप्तिस्मा घेऊन जेमतेम तीनेक वर्षे झालेल्या बाबा पदमनजींनी लिहिले. हा फाटा थोडा लांबला, परंतु त्याने काम केले. शिक्षिकेने आपला पर्याय मागे घेतला नाही, तरी मताला टाकण्याचा आग्रहही धरला नाही.

दुसरा पर्याय होता विश्वास दुसऱ्यावर टाकण्याचा : केवळ ख्रिस्ती प्रकाशकांनी छापलेली पुस्तके घ्यावीत. इंग्रजीत अशा कादंबऱ्यांचा स्वतंत्र बाजार आहे, २००० सालापासून त्यांच्यासाठी ‘क्रिस्टी’ नावाचा वेगळा पुरस्कारही दिला जातो, आणि शिवीगाळ किंवा उघडी शृंगारवर्णने नसावीत अशी शिस्त यातले बरेच प्रकाशक पाळतात. यामुळे निवडीचे काम बरेच हलके होते. अडचण अशी की प्रकाशकाचा शिक्का पुस्तकात काय नाही हे सांगतो. काय आहे हे तो सांगत नाही. हा फरक त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्याही पुरता लक्षात आला नव्हता.

तिसरा पर्याय निषिद्ध गोष्टींची यादी करण्याचा आणि चौथा प्रत्येक पुस्तक कपाटात जाण्याआधी समितीतल्या कोणीतरी वाचून काढण्याचा होता. चौथ्या पर्यायाला बाईंचा पाठिंबा होता, पण “एवढी पुस्तकं वाचणार कोण?” या पाळकांच्या प्रश्नाला कोणाकडे उत्तर नव्हते, आणि तो तिथेच बाजूला पडला.

पहिला निर्णय आणि त्याचे काय झाले

समितीने दुसरा आणि तिसरा पर्याय एकत्र केला. एकाच बैठकीत, सुमारे दोन तासांत, अकरा नियमांचे एक पान तयार झाले. त्यातले दहा नियम काय नसावे याचे होते : शिव्या, मद्यपान, विवाहबाह्य संबंध, जादू, आत्महत्या, घटस्फोट, रक्तपाताचे सविस्तर वर्णन आणि त्याच वळणाचे आणखी काही. अकरावा नियम काय असावे याचा होता : प्रभूचे नाव कथेत स्पष्ट आलेले असावे आणि शेवट पश्चात्तापात किंवा प्रार्थनेच्या उत्तरात व्हावा. या चाळणीतून जुन्या संग्रहातली साधारण निम्मी पुस्तके खाली उतरली, नव्या पुस्तकांची मागणी नोंदवली गेली आणि कपाट उघडले.

पहिले काही आठवडे सर्वांना हायसे वाटले. पालकांना निश्चिंती मिळाली, आणि ती लहान गोष्ट नव्हती. घरात येणारे पुस्तक आधी चाळून पाहण्याची गरज नाही, हा दिलासा अनेकांना हवा होता. वहीत मात्र वेगळेच दिसू लागले. मुले एक पुस्तक नेत, दुसरे नेत आणि तिसऱ्यांदा येत नसत. “काकू, याचा शेवट मी पहिल्या पानावरच सांगू शकतो,” असे एका मुलाने बाईंना सांगितले आणि खरोखरच सांगून दाखवला. नास्तिक पात्र आले की ते उद्धट असणार, एकशे पन्नासाव्या पानाच्या आसपास त्याला अपघात होणार आणि रुग्णालयात त्याचे डोळे उघडणार. मुलाने यात अपघाताऐवजी पूर धरला होता, तेवढेच चुकले.

दुसरा धक्का कंटाळ्यापेक्षा फार गंभीर होता. दीर्घ आजाराने मुलगा गमावलेल्या एका सभासद स्त्रीने यादीत बसलेली, सर्वार्थाने निर्मळ अशी एक कादंबरी नेली होती. तिच्यात आजारी मुलाच्या आईचा विश्वास क्षणभरही डळमळत नाही आणि म्हणून मुलगा बरा होतो. त्या स्त्रीने चौथ्या दिवशी पुस्तक परत आणले. बाईंनी सहज विचारले, “आवडलं नाही का, ताई?” त्यावर ती म्हणाली, “तिचा विश्वास माझ्यापेक्षा मोठा होता, एवढंच यातून मला कळलं.” बाईंनी वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात ‘पूर्ण वाचले नाही’ असे लिहिले, अकरा नियमांपैकी एकही या पुस्तकाने मोडला नव्हता, त्यामुळे दुसरे काय लिहावे हे त्यांना सुचले नाही.

निर्णायक बैठक

बाईंनी हा प्रसंग पुढच्या बैठकीत सांगितला तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. त्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर आणखी एक पुस्तक होते. दारुड्या बापाच्या घरात वाढणाऱ्या मुलीची ती कादंबरी मद्यपानाच्या नियमाखाली बाद ठरली होती, आणि तरुण संघाच्या प्रतिनिधीने तिचा फेरविचार मागितला होता. तिचे म्हणणे टिपणात शब्दशः आहे : “बापानं बाटली कुठे लपवलीय ते यात त्या मुलीला माहीत असतं, आणि प्रार्थनेच्या वेळी ती डोळे मिटत नाही, दाराकडे बघत राहते. आपल्या संघात अशा मुली आहेत. त्यांना आपण हे पुस्तक देणार नाही, आणि विश्वास असला की सगळं नीट होतं असं सांगणारं देणार.”

यानंतर सरांनी अकरा नियमांचे पान समोर ओढले आणि ते पवित्र शास्त्रालाच लावून पाहायला सुरुवात केली. एस्तेरचे पुस्तक अकराव्या नियमात अडकले, कारण त्यात देवाचे नाव एकदाही येत नाही. शास्ते आणि शमुवेलाचे दुसरे पुस्तक पहिल्या दहांपैकी निदान चारांत अडकले. योनाचे पुस्तक पश्चात्तापात संपत नाही. ते देवाच्या प्रश्नावर थांबते, आणि रुसलेल्या संदेष्ट्याने काय उत्तर दिले हे आपल्याला कळत नाही. उधळ्या पुत्राचा दाखला अर्धाच पास झाला : पैसा उधळून गेलेला धाकटा मुलगा घरी परतला, पण त्याच्या स्वागतावर रागावलेला थोरला अंगणातून आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितलेलेच नाही. इथपर्यंत सगळे हसत होते. पाळक हसत नव्हते. ते म्हणाले, “थोरला आत गेला असं प्रभूनं सांगितलं असतं, तर ऐकणारे परूशी, ते स्वतःला नीतिमान समजणारे धर्मपुढारी, निश्चिंत मनानं घरी गेले असते. आपण गेले सहा महिने लोकांना निश्चिंत मनानं घरी पाठवतोय.”

माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णय या वाक्याशी झाला; पुढची कार्यपद्धती त्यातून ओघाने आली. निर्मळ असणे आणि पोषक असणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, आणि आपण एकच लावून दुसरीही लावल्यासारखे वागत होतो, हे त्या दिवशी समितीने मान्य केले. उलट बाजूही तितकीच स्पष्टपणे नोंदवली गेली, आणि ती शिक्षिकेच्या आग्रहाने : निर्मळपणाची कसोटी सोडून द्यायची नाही. ज्या पुस्तकापासून हे सारे सुरू झाले ते परत कपाटात जाणार नव्हते. पवित्र शास्त्रात व्यभिचाराची हकिकत आहे, पण ती वाचून व्यभिचाराची चटक लागत नाही, हा त्यांचा मुद्दा नेमका होता आणि नव्या पद्धतीचा पाया तोच झाला.

केलेली कार्यवाही

अकरा नियमांच्या जागी समितीने चार प्रश्न ठेवले आणि बाजूला पडलेला चौथा पर्याय उचलून धरला : प्रत्येक कादंबरी दोन वेगळ्या वयाच्या, शक्यतो वेगळ्या मताच्या व्यक्तींनी पूर्ण वाचावी आणि या प्रश्नांना धरून अर्ध्या पानाचे टिपण लिहावे. वाचणार कोण, या जुन्या प्रश्नाचे उत्तर समितीबाहेर मिळाले. मंडळीत आवाहन केल्यावर चौदा जणांनी नावे दिली, त्यात दोन आजीही होत्या.

पहिला प्रश्न पापाविषयी होता : वाचकाला पाप दिसते की त्याची चव चाखवली जाते? प्रसंग कथेत आहे की नाही यापेक्षा लेखक वाचकाला कुठे उभा करतो, हे पाहायचे होते. दारुड्या बापाची कादंबरी या प्रश्नावर निर्विवाद उत्तीर्ण झाली. तिच्यातली दारू वाचून कोणाला प्यावीशी वाटणार नव्हती.

दुसरा प्रश्न देवाविषयीचा, आणि सर्वांत जास्त चर्चा याच्यावर झाली. कथेतला देव मागणी केल्याबरोबर पुरवठा करणारा आहे का? दुःख आले म्हणजे माणसाने पाप केलेच असणार, ही ईयोबाच्या मित्रांची शिकवण लेखक नकळत पुढे चालवतो आहे का? देहातला काटा काढून टाकावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली आणि त्याला काटा निघण्याऐवजी ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ हे उत्तर मिळाले. असे उत्तर या कादंबरीच्या जगात मिळू शकते का? चमत्कार दाखवणारी कथा समितीने वर्ज्य ठरवली नाही. मात्र चमत्कार न झालेल्या माणसाला ती कथा काय म्हणते, हे टिपणात लिहिणे आवश्यक केले.

तिसरा प्रश्न माणसे खरी आहेत का हा होता, आणि तो विशेषतः अविश्वासी व अन्यधर्मीय पात्रांकडे पाहून विचारायचा होता. केवळ हरवण्यासाठी उभी केलेली पात्रे वाचून तरुण वाचक बाहेर पडतो आणि त्याला भेटलेला पहिलाच नास्तिक मित्र सभ्य, दयाळू आणि बहुश्रुत निघतो. मग त्याला कादंबरीवर शंका येते, आणि कादंबरीने ज्याची बाजू घेतली होती त्या विश्वासावरही.

चौथा प्रश्न सरांच्या शब्दांत असा होता : पुस्तक मिटल्यावर वाचक कशासाठी उठतो? हा प्रश्न मला सुरुवातीला फार मोघम वाटला होता. त्याची उपयुक्तता पटवली ती एका विवाहित वाचक स्त्रीच्या टिपणाने. सोज्ज्वळ प्रेमकथांची एक सात भागांची मालिका तिच्याकडे परीक्षणासाठी गेली होती. मालिकेत आक्षेपार्ह असे एकही वाक्य नव्हते. तिने लिहिले : ‘प्रत्येक भागातला नायक पहाटे प्रार्थना करतो, बायको न बोलताच तिचे मन ओळखतो आणि कधी थकत नाही. पाचव्या भागानंतर मी माझ्या नवऱ्यावर विनाकारण चिडले. सहावा आणि सातवा भाग वाचलेला नाही.’ समितीने मालिकेचे पहिले दोन भाग ठेवले आणि हे टिपण, तिच्या परवानगीने, पहिल्या भागाच्या आतल्या पानावर चिकटवले. वाचनालयात सर्वाधिक वाचला गेलेला मजकूर बहुधा हाच असावा.

वयानुसार पुस्तकांच्या कण्यावर तीन रंगांच्या पट्ट्या लावण्यात आल्या. यातली दारुड्या बापाची कादंबरी सोळा वर्षांपुढच्या गटात गेली. प्रतिनिधीला ती चौदापासून हवी होती, कारण अशा घरातल्या मुली सोळाव्या वर्षापर्यंत थांबून राहत नाहीत. यावर मतदान झाले आणि ती हरली. माझे मत विचारले गेले नव्हते, तरी इथे लिहितो की तिचे बरोबर होते.

अद्भुतकथांवर मात्र एकमत झालेच नाही. सी. एस. लुइस या ख्रिस्ती लेखकाने १९५० ते १९५६ या काळात प्रसिद्ध केलेल्या नार्नियाच्या सात बालकादंबऱ्यांची मागणी अनेक पालकांनी केली होती. दोन कुटुंबांना मात्र चेटकीण आणि बोलणारे प्राणी असलेली कोणतीही कथा घरात नको होती. समितीने पुस्तके ठेवली आणि त्या कुटुंबांना पटवण्याचा प्रयत्न केला नाही. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल खाण्यापिण्याच्या वादात जे सांगतो, की खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, ते इथे जसेच्या तसे लागू पडते असे पाळकांचे मत होते. त्या घरांतल्या मुलांना बाई ती पुस्तके देत नाहीत.

परिणाम

वर्षभरात कपाट पुन्हा भरले, परंतु सावकाश. दोघांनी वाचून टिपण लिहायचे म्हटले की महिन्याला चार-पाच पुस्तकांच्या पुढे काम जात नाही, आणि चौदा परीक्षकांपैकी सहा जण पहिल्या काही महिन्यांतच गळाले. उरलेल्यांत आहेत त्या दोन आजी आणि, काहीशा अनपेक्षितपणे, पहिली तक्रार घेऊन आलेली आई. ती सर्वांत कडक परीक्षक आहे. तिची टिपणे तीन-तीन पाने चालतात आणि त्यांतल्या काहींशी मी मुळीच सहमत नाही, पण तिने न वाचता कधी मत दिलेले नाही.

मुले परत आली, सगळी नाही. ज्यांना मोबाइलवरच्या कथांची सवय लागली ती बहुतेक तिकडेच राहिली. जी आली त्यांच्या वाचनात एक बदल बाईंच्या लक्षात आला : पुस्तक परत करताना मुले आतल्या टिपणाशी वाद घालतात. एका मुलाने टिपणाच्या खाली पेन्सिलीने ‘चूक, तो शेवटी बदलतो, पान २१२ पाहा’ असे लिहून ठेवले होते. बाईंनी ते पुसले नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षिका अजूनही कादंबऱ्या वाचत नाहीत. समितीत मात्र त्या आहेत.

वेगळे काय करता आले असते

देणगीची पुस्तके न वाचता कपाटात लावणे ही मूळ चूक होती, आणि ती वर्षानुवर्षे चालू होती. तिचे खापर बाईंवर फोडणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यांना दुसरी कोणतीही पद्धत कोणी दिली नव्हती. अकरा नियमांचे पान दोन तासांत झाले हीही चूकच. ते भीतीच्या छायेत लिहिले गेले, आणि भीतीला काय नको हे लगेच कळते. त्या पानावर सही करण्याआधी एकच पुस्तक सर्वांनी मिळून वाचले असते तर सहा महिने वाया गेले नसते असे मला वाटते.

सर्वांत जास्त खंत वाटते ती कपाट बंद करतानाच्या मौनाची. त्या चौदा वर्षांच्या मुलीला कोणीही काही विचारले नव्हते. तिने ते पुस्तक चोरून वाचले आणि आईने तिला पकडले, असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले होते. जवळजवळ वर्षाने, परीक्षकांच्या एका बैठकीत, तिच्या आईच्या बोलण्यातून कळले की ते पान मुलीनेच आईला नेऊन दाखवले होते. “आई, हे आपल्या वाचनालयातलं आहे, मला बरोबर वाटत नाहीये,” असे ती म्हणाली होती. योग्य-अयोग्य ओळखण्याची जी नजर आम्ही यादी करून मुलांना पुरवू पाहत होतो, ती तिच्यापाशी होती, आणि वाईट दिसताच विश्वासातल्या माणसाकडे जाण्याचे शहाणपणही होते. तिच्या पदरात काय पडले? कपाटाला कुलूप लागले, त्याचे कारण कोणी सांगितले नाही, आणि शब्बाथ शाळेतल्या मुलांनी ‘हिच्यामुळे पुस्तके गेली’ असे ठरवून टाकले. पाळक नंतर तिच्या घरी गेले आणि तिच्याशी बोलले. ती वाचनालयात अजून येत नाही.

मुलगा गमावलेल्या त्या स्त्रीच्या बाबतीतही समितीने जे करायला हवे होते ते केले नाही. तिच्या एका वाक्याने आमची पूर्ण पद्धत बदलली. पण तिला जाऊन भेटावे, चुकीचे पुस्तक हाती दिल्याबद्दल दोन शब्द बोलावेत, असे एकाही बैठकीत कोणी सुचवले नाही. सुचले ते बाईंना, आणि त्यांनी समितीला विचारले नाही. नव्या पद्धतीतून आलेली एक कादंबरी, जिच्यात मूल दगावते आणि आई बराच काळ प्रार्थना करू शकत नाही, ती पिशवीत घालून त्या एका संध्याकाळी तिच्या घरी गेल्या. वाचायलाच हवे असे नाही, ठेवून जाते, एवढेच म्हणाल्या. तीन आठवड्यांनी ती स्त्री उपासनेनंतर वाचनालयाच्या दाराशी थांबली आणि तिने विचारले, “ते पुस्तक दुसऱ्या कोणी मागितलं नाहीये ना, बाई? मग अजून थोडे दिवस राहू दे माझ्याकडे.”

देवघेवीचा नियम पंधरा दिवसांचा आहे. वहीतली ती नोंद चार महिन्यांपासून उघडी आहे, आणि बाईंनी अजून आठवण केलेली नाही.